तिसरी हाक

माणूस हरवल्याची खबर आली की पोलीस पहिल्यांदा काय करतात? पळतात. जीप काढतात, शिट्ट्या फुंकतात, दहा जण दहा दिशांना सुटतात आणि थोड्या वेळाने सगळे एकाच चहाच्या टपरीवर भेटून एकमेकांना विचारतात, "तिकडं बघितलं का?" ही खोड मोडण्याचं काम माझ्याकडे आहे. परभणी जिल्ह्यातल्या ठाण्यांमधले फौजदार आणि जमादार माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना शोध कसा आखायचा ते शिकवते. माणूस शेवटचा कुठे दिसला, तिथून शिवाराचे तुकडे कसे पाडायचे, कोणत्या तुकड्यात कोणी जायचं, सगळ्यांनी ऐकायचं एकाच माणसाचं. फळ्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: पळू नका.

मी फार कडक आहे असं माझ्यामागे बोलतात. कडक कसली? मी भित्री आहे. भित्र्या माणसाला आवाज चढवावा लागतो, नाहीतर तो कापतो आणि लोकांना कळतं.

भीती माझ्या घरातच राहत होती. माझे वडील, आबा. पालमला त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून गल्ल्यावर बसायचे, आणि कोणत्या गिऱ्हाइकाच्या घरी कोण आजारी आहे हे त्यांना तोंडपाठ असायचं. आई गेल्यावर मी त्यांना परभणीला माझ्या क्वार्टरवर आणलं. आधी ते शब्द विसरू लागले, मग रस्ते. एकदा दूध आणायला गेले ते बसस्टँडवर पालमची गाडी शोधत सापडले. मला म्हणाले, "बाई, दुकान उघडायचंय, उशीर व्हायलाय." बाई म्हणजे मी. लहानपणापासून त्यांनी मला नावाने हाक मारलीच नाही, नेहमी 'बाई'. त्या दिवसापासून मी रोज सकाळी चहा देताना त्यांना विचारायची, "आबा, मी कोण?" ते चिडायचे. "कोण म्हणजे? माझी बाई." हे उत्तर आलं की मला दिवसभर काम सुचायचं. एखाद्या सकाळी ते यायला वेळ लागला की मी चहा तसाच ठेवून पुन्हा विचारायची.

त्यांना सांभाळणारी बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. दरवर्षीच जायची. भाऊ पुण्यात. तो फोनवर फार छान काळजी करतो. त्यामुळे येलदरीला प्रशिक्षण लागलं तेव्हा मी आबांना जीपमध्ये बसवून सोबतच नेलं. धरणाजवळच्या जुन्या रेस्ट हाऊसमध्ये आम्हा दोघांचा मुक्काम होता; बाकी अधिकारी गावातल्या शाळेत उतरले होते, त्यांच्यापैकी कोणी आबांना पाहिलं नव्हतं. तिथल्या खानसाम्याला मी बजावून सांगितलं, "यांना एकटं सोडायचं नाही." तो म्हणाला, "मॅडम, फिकीर करू नका. माझ्या डोळ्यासमोरच राहतेत." मी तरीही फाटकाला कडी लावली.

त्या दिवशी सरावाचा दिवस होता. सरावात एक माणूस मुद्दाम हरवायचा आणि बाकीच्यांनी तो शोधून काढायचा. हरवण्यासाठी मी एका शिपायाला धोतर नेसवलं, डोक्याला लाल मफलर गुंडाळला आणि त्याला धरणाच्या मागच्या शिवारात नेऊन बसवलं. अधिकाऱ्यांना वर्णन दिलं: म्हातारा, विसराळू, जुना दुकानदार, हाक मारली तर ओ देईलच असं नाही. हा म्हातारा मी कुठून आणला होता हे कोणाला सांगितलं नव्हतं. रात्री झोप लागत नसली की मी जो शोध मनात चालवायची, तोच मी त्यांच्याकडून करून घेत होते.

शिवार अवघड होतं. एका बाजूला पूर्णेचं अडवलेलं पाणी, काठाने गाळाची जमीन, आणि वर तुरीची रानं. तुरी शेंगांवर आल्या होत्या, माणसाच्या डोक्यावर गेलेल्या. आत शिरला की हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही. गाव अर्धं रिकामं, कारखान्यांवर गेलेलं. विचारावं तर बांधावर माणूस नाही.

सराव चांगला झाला. पालमकडच्या ठाण्यातला एक तरुण फौजदार सूत्रं सांभाळत होता. मी त्याला आदल्या दिवशी नकाशा उलटा धरल्याबद्दल सगळ्यांसमोर झापलं होतं. त्याने रांग नीट धरली. मी शिकवलं होतं तसंच एकेक जण हाक मारत होता. एकाने एकदा हाक मारायची, मग सगळ्यांनी गप्प राहून कानोसा घ्यायचा, मग चार पावलं पुढे, मग दुसऱ्याने. दुपार व्हायच्या आत लाल मफलर सापडला. टाळ्या झाल्या. धोतर नेसलेल्या शिपायाला खांद्यावर घेऊन रांग परत आली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा प्रशिक्षणात "शाब्बास" म्हणाले.

चहा हातात होता तेव्हा खानसामा फाटकातून पळत आला. त्याच्या हाताला कणीक होती.

"मॅडम, आबा हिकडं आलेत का?"

माझ्या हातातला कप खाली पडला नाही. मी तो नीट टेबलावर ठेवला, हे मला स्पष्ट आठवतं. "म्हणजे?" मी म्हणाले.

"भात उतरवायला गेलतो. परत येऊन बघतो तर खुर्ची रिकामी. मला वाटलं संडासला गेलेत. कडी तर लावलेलीच हाय, पण मागून कुंपण तुटलंय."

मग मागून एक जमादार, चांगला पिकल्या मिशांचा माणूस, हळूच पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, करड्या स्वेटरातले का? पायजमा घातलेले?"

"हो."

"आमच्या रांगेत आलते ते. तुरीच्या अलीकडं." तो थांबला. "मी त्यांना म्हणलं, आजोबा, बाजूला व्हा, आमी एक माणूस हुडकायलोत. ते म्हणले, कोण हरवलंय? मी म्हणलं, तुमच्यासारखाच एक म्हातारा हाय. मग ते बाजूला झाले. रांग म्होरं गेली."

आणखी दोघांनी त्यांना पाहिलं होतं. एकाने तर रामराम घातला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कोणाला तेवढी हिंमत झाली नाही. धोतर नेसलेला शिपाई लाल मफलर हातात घेऊन उभा होता.

मी पळाले. फळ्यावरचं वाक्य, जिल्हाभर शिकवलेलं सगळं गेलं कुठल्या कुठे. मी बूट चिखलात रुतवत पाण्याच्या दिशेने पळाले, कारण मला आधी पाणीच दिसत होतं. मागून कोणीतरी येऊन माझा दंड धरला. तोच तरुण फौजदार.

"मॅडम," तो म्हणाला, "पळू नका."

मी त्याच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाला, "नातेवाइकानं शोध चालवायचा न्हाई, असं तुमीच शिकवलंय. तुमी इथं बसा. आमी बघतो."

त्यांनी मला जीपजवळ खुर्ची दिली. शोध सुरू असताना नातेवाइकाला एका जागी बसवायचं, त्याच्यासोबत एक माणूस द्यायचा आणि त्याला प्रश्न विचारत राहायचं, हे मी किती शांतपणे सांगायची! त्या खुर्चीवर बसणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. कान एवढे ताणले जातात की दूरच्या मोटारपंपाचा आवाज माणसाचा वाटतो. समोर आपल्या माणसाबद्दल 'तो इसम' असं बोलतात आणि आपल्याला त्यांच्या श्रीमुखात द्यावीशी वाटते. मला पाणी दिलं ते मी तसंच खाली ठेवलं. मला फक्त एकच भीती होती, आणि ती मी मनातसुद्धा पुरी करत नव्हते. पाणी एवढाच शब्द यायचा आणि मी तो परत ढकलायची.

पुन्हा रांग लागली. जिथे जमादाराने त्यांना बाजूला केलं होतं तिथून. पुन्हा हाका. "ओ आबा!" मग शांतता. "ओ आजोबा!" मग शांतता. मॅडमचे वडील म्हणून आवाजात अदब. ऊन कलायला लागलं.

मग शिट्टी झाली. काही सापडलं की एक लांब शिट्टी, हेही माझंच.

चपला सापडल्या होत्या. आबांच्या, अंगठा तुटून तारेने बांधलेल्या. नव्या घेऊन दिल्या तरी तोच जोड घालायचे. फौजदाराने येऊन मला सांगितलं तेव्हा तो पाण्याकडे बघत नव्हता, आणि त्यावरूनच मला कळलं की त्या पाण्याजवळ सापडल्यात. त्यांनी काठावर मासे धरणाऱ्या भोयांना बोलावलं. दोन होड्या पाण्यात गेल्या. बांबूने तळ चाचपताना मी पाहिलं, आणि खुर्चीतून उठले.

"मला चपला बघायच्यात," मी म्हणाले.

"मॅडम, तुमी तिकडं नका."

"हात लावणार नाही. लांबून बघते."

त्यांना 'नाही' म्हणता आलं नाही. चपला पाण्यापासून दोन-चार हातांवर, बांधाला लागून होत्या. शेजारी शेजारी, नीट, देवळाबाहेर काढतात तशा. एका बाजूला गाळ आणि पाणी, दुसऱ्या बाजूला तूर. मी नुसती बघत राहिले. आबा नदीवर जाताना चपला काढत नसत, तसेच पाण्यात उतरून पाय धुवायचे, त्यावरून आई त्यांना बोलायचीसुद्धा. पण उभ्या पिकात पाय ठेवताना मात्र काढायचे. मलाही काढायला लावायचे. "लक्ष्मी हाय ती. तुडवत जाऊ न्हाई." दुकानदार झाले तरी ती आजीच्या, त्यांच्या आईच्या, रानातली सवय गेली नव्हती.

"ते तुरीत आहेत," मी म्हणाले.

"मॅडम, तुरीतून दोनदा गेलोत आमी. सावकाश गेलोत. हाका मारल्या. आवाज न्हाई."

आवाज नाही म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी परत त्यांना शिव्या घालाव्यात तसं बोलले, नीट बघितलं नाही, बिनडोक आहात. फौजदार ऐकत राहिला. मग त्याने मी शिकवलेला प्रश्न मलाच विचारला. नातेवाइकांना शेवटी विचारायचा असतो तो.

"मॅडम, ते घाबरले की काय करतात?"

सूर्य पाण्यावर टेकत होता. थंडी पडायला लागली होती आणि आबांच्या अंगावर तेवढा एकच स्वेटर होता. मी म्हणाले, "घाबरले की गप्प बसतात."

आणि ते बोलल्याबरोबर मला आजीचं रान आठवलं. पेडगावच्या शिवारातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आबा मला तिथे न्यायचे आणि बांधावरून चालताना बजावायचे, "शिवारात कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची न्हाई, बाई. चकवा असतोय. आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतो आन् भलतीकडं नेतो. पर त्याला दोनच हाका मारता येतेत. तिसरी आली की समजायचं, माणूस हाय. मग ओ द्यायची." आजी त्यांना तशीच बोलवायची म्हणे. दिवेलागणीला, बांधावर उभी राहून, तीन वेळा, मध्ये थांबून थांबून. पोरगं तिसऱ्या हाकेला तुरीतून, ज्वारीतून, कुठून तरी उगवायचं.

मी फौजदाराकडे बघितलं. "एका माणसाने तीनदा हाक मारली का?"

"न्हाई. एकानं एकदा. तुमी सांगितल्यासारखं." मग त्याच्या लक्षात आलं. त्याच्यामागे उभ्या असलेल्या जमादाराच्याही. सगळे खाली बघायला लागले. "मॅडम, आमच्याकडं बी तसंच हाय की," जमादार म्हणाला. "माझी आई अजून तिसऱ्या हाकेलाच ओ देती. वर्दीत ध्यानात न्हाई आलं."

सबंध शिवारभर दुपारपासून अनोळखी आवाज एकेकदा हाक मारून पुढे जात होते. तुरीत बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल, या विचाराने मला आत्तासुद्धा कसंतरी होतं. सगळीकडून चकवाच चकवा.

"आन् आबा म्हणू नका," मी म्हणाले. "त्यांना आता ते आबा आहेत हे माहीत नसेल."

त्यांचं एक घरातलं नाव होतं. पेडगावची आत्या, त्यांची थोरली बहीण, अजून तेच नाव घेते, आणि ते ऐकलं की पिकल्या केसांचा माणूस लाजायचा. आजी त्याच नावाने हाक मारायची. ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं ते नाहीच. वडिलांना नावाने, तेही अरे-तुरेने हाक मारायची, आणि समोर जिल्ह्याचे सगळे अधिकारी. मी फौजदाराला म्हणाले, "तू मार."

"माझा आवाज न्हाई चालणार, मॅडम," तो म्हणाला. "बाईचा पायजे."

होड्या थांबवल्या. पंप बंद करायला माणूस पळाला. मी बूट काढले आणि बांधावर उभी राहिले. मी आजीसारखी हाक मारली, नाव लांबवून, शेवटी चढवून. "...ए! घरला ये रे!"

काही नाही. तुरी नुसत्या हलत होत्या.

थांबले. किती थांबायचं असतं? आजी किती थांबायची? मला माहीत नव्हतं. दुसरी हाक मारली. माझा आवाज फाटला. पाण्यावरून तो परत आला आणि मला वाटलं, हाच चकवा.

तिसरी हाक मारायला मला भीती वाटली. दोन हाकांपर्यंत आशा ठेवायला जागा होती. तिसरीनंतर ओ आली नाही तर मग होड्याच. मी तोंड उघडलं आणि मिटलं. जमादार मागून हळू म्हणाला, "मारा, मॅडम." मी डोळे मिटून मारली. "...ए! दिवे लागले रे! घरला ये!"

तुरीतून आवाज आला, बारीक, चिरका, अगदी जवळून.

"आलो गं माय!"

सगळे थांबले, मी पळाले. या वेळी मला कोणी धरलं नाही. दोन ओळींमध्ये आबा उकिडवे बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन, आणि शेंगांच्या टरफलांचा ढीग पायाशी. भूक लागली म्हणून तुरीच्या शेंगा खाल्ल्या होत्या. रांग त्यांच्या अगदी शेजारून गेली असणार. त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं, आणि वर्दीकडे नाही, थेट तोंडाकडे पाहिलं.

"माय, लय जण बोलवायलते," ते कुजबुजले. "मी कुणालाच ओ दिली न्हाई. तिसऱ्यालाच दिली. बरोबर केलं ना?"

मला 'आबा' म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर ते पुन्हा घाबरले असते. "बरोबर केलंस रे राजा," मी म्हणाले. त्यांनी माझा हात धरला. बांधावर आल्यावर मी चपला त्यांच्या पायात सरकवल्या. फौजदाराने आपलं जर्किन त्यांच्या अंगावर टाकलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. खानसामा रडत होता. मला रडू आलं नाही. मी सगळ्यांना ओरडले की रांग मोडून गर्दी काय करताय.

आता मी एका माणसाने तीन हाका मारायला शिकवते. नातेवाइकांना हरवलेल्याचं लहानपणचं नाव विचारायला शिकवते. शहरातले अधिकारी हसतात, आपल्याकडचे हसत नाहीत. तो फौजदार हल्ली माझ्यासोबत शिकवायला येतो आणि नकाशा अजूनही कधीकधी उलटा धरतो.

येलदरीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप आबांच्या हातात दिला. रोजचा प्रश्न तोंडाशी आला आणि विचारायची भीती वाटली. तरी विचारलं. "मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. इतकं निर्धास्त मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"माय," ते म्हणाले.

मी वाट बघितली. त्या आठवड्यात, त्या महिन्यात, अजूनही. 'बाई' अशी हाक पुन्हा आलेली नाही. त्या संध्याकाळी मी ज्याला हाक मारली तो आला, आणि माझे वडील कदाचित अजून त्या तुरीतच आहेत. त्यांना कोणत्या नावाने हाक मारावी ते मला माहीत नाही. अंधार पडायला लागला की आबा आतल्या खोलीतून घाबरून "माय, माय गं" करतात. मी हातातलं टाकून पहिल्याच हाकेला ओ देते.